पुस्तक खुले करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुण्या वक्त्यांनी मंडळाची स्तुती करावी आणि चार उपदेशाचे शब्द सांगावेत असा रिवाज आहे. मी पाहुणी नाही, इथलीच आहे. तेव्हा स्तुती गाळते, उपदेशही गाळते आणि सरळ कामाचे बोलते. संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आपल्या भगिनींनी गेल्या काही वर्षांत विज्ञानाचे जे पाठ लिहिले, ते एकत्र करून त्यांचे ‘खुले पाठ्यपुस्तक’ काढावे, असा ठराव मागच्या सर्वसाधारण सभेत झाला. ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि तेव्हापासून जिन्यात, मंडईत, बसच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो आहे: “पाठ तर लिहून तयार आहेत, मग पुस्तक अडले कुठे?” कित्येकींना वाटते की आता फक्त ते मोबाइलवर टाकायचे राहिले आहे. पुस्तक कुठे अडले आहे, ते आज सविस्तर सांगते.

प्रथम ‘खुले’ या शब्दाचा अर्थ नीट पाहू; कारण खुले आणि फुकट यांची आपण गल्लत करतो. आपल्या राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, १९६७ साली पुण्यात स्थापन झाले. त्याची पुस्तके आज घरबसल्या उतरवून घेता येतात, एक पैसा पडत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण पुस्तकाचे पहिले पान उलटून बारीक अक्षर वाचा. मंडळाच्या संचालकांच्या लेखी परवानगीवाचून त्यातला भाग दुसरीकडे वापरता येत नाही, असे तिथे बजावलेले असते. म्हणजे पुस्तक पाहा, वाचा, शिका. पण त्यातला एक धडा घेऊन तो आपल्या वर्गातल्या मुलींच्या बोलीत लिहून, छापून दुसऱ्या वर्गाला द्यायचा म्हटला तर परवानगी काढली पाहिजे. असे पुस्तक फुकट आहे, पण खुले नाही. खुल्या पुस्तकात ही परवानगी आधीच लिहून दिलेली असते. कोणीही नक्कल करावी, छापावे, बदलावे, भाषांतर करावे. अशा साहित्याला ‘खुले शैक्षणिक साहित्य’ हे नाव २००२ साली युनेस्कोच्या एका बैठकीत मिळाले, आणि २०१९ साली युनेस्कोच्या सदस्यराष्ट्रांनी त्यासंबंधी एक शिफारसही मान्य केली.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर कोणाला अडवत नाही. मग परवानगी लिहून कशाला द्यायची? इथेच कायद्याची गंमत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिणारीकडे आपोआप येतो. नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही. तुम्ही वहीत पाठ लिहिलात की तो तुमचा झाला, आणि तुमच्यामागे साठ वर्षे तुमच्या वारसांचा. म्हणून ‘आम्ही काही म्हणत नाही’ एवढ्याने भागत नाही. जो माणूस सचोटीने वागणारा आहे, तो न विचारता हात लावणार नाही. आणि विचारायचे तर कोणाला, हे त्याला कळणार नाही.

यावरून पहिले काम निघाले. पुस्तक मंडळाचे असे आपण म्हणतो, पण पाठ तर अनेकींनी लिहिले. कुणाला त्याचे मानधन नव्हते, कुणाशी करार नव्हता. तेव्हा प्रत्येक पाठ जिचा तिचा आहे आणि मंडळाला तो परस्पर खुला करण्याचा अधिकार नाही. प्रत्येकीची लेखी संमती हवी. दोघीतिघींना याचे वाईट वाटले. “आम्ही का नाही म्हणणार आहोत? सही कसली मागता?” असे त्यांनी विचारले. रागावू नका, भगिनींनो. सही अविश्वासापोटी मागितलेली नाही. उद्या आपण कोणी नसू तेव्हा ज्यांच्या हाती पुस्तक असेल, त्यांच्यासाठी ती आहे.

आणि हे नुसते बोलणे नाही. आपल्या वनस्पतींच्या पाठांतली सगळी चित्रे ज्या भगिनीने काढली, ती दोन वर्षांपूर्वी आपल्यातून गेली. जास्वंदीच्या फुलाचा तो उभा छेद, वाटाण्याला मोड येतानाची चार चित्रे... वर्गातल्या मुली अजूनही तीच पाहून काढतात. तिने ती मुलींसाठीच काढली, यात कोणाला शंका आहे? पण कागदावर तसे कुठेच नाही. कायद्याच्या हिशेबाने ती चित्रे आणखी जवळजवळ साठ वर्षे कुलपात राहिली असती; आज पाचवीत असलेली मुलगी आजी होईपर्यंत! तिचा मुलगा आणि मुलगी दोघेही परगावी असतात. दोघांनाही पत्रे लिहिली. एकाची संमती पुरत नाही, हेही या निमित्ताने सांगून ठेवते. जितके वारस तितक्या सह्या. दोघांचीही उत्तरे आली. मुलीने एकच अट घातली आहे, की प्रत्येक चित्राखाली आईचे नाव हवे. ती अट आपण आनंदाने मान्य केली, आणि पुढे जो कोणी ती चित्रे घेईल त्यालाही ते नाव ठेवावे लागेल, अशी व्यवस्था केली आहे. ती कशी, ते पुढे सांगते.

दुसरे काम परक्या मजकुराचे. बीज रुजण्याच्या पाठाच्या आरंभी बहिणाबाई चौधरींची कविता घातली आहे. ती चालेल का? बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या मजकुराची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, तर प्रसिद्धीपासून मोजतात. ती २०१२ अखेर संपली. म्हणजे २०१३ पासून ती गाणी सर्वांची झाली. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची जी प्रस्तावना आहे, तिच्यातला उतारा घेण्याचे आपल्या मनात होते. अत्रे १९६९ साली गेले. तेव्हा त्यांचा मजकूर २०२९ संपेपर्यंत बांधलेला आहे. एकाच पुस्तकात गाणी मोकळी आणि प्रस्तावना बंद! साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ पासून मोकळे आहे. ही साठ वर्षेसुद्धा मुळात पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या ग्रंथांवरचा विश्वभारतीचा हक्क संपत आला तेव्हा मुदत वाढवण्याची मागणी झाली, आणि १९९२ च्या दुरुस्तीने सगळ्याच लेखकांची मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीपायी सगळ्या देशाची पुस्तके दहा वर्षे अधिक कुलपात राहिली. मला ते फारसे योग्य वाटत नाही, पण कायदा तो कायदा.

कायद्यात शिक्षणासाठी काही सवलती आहेत हे खरे. शिकवण्याच्या संग्रहात दुसऱ्याचे लहान उतारे काही मर्यादेत घेता येतात. पण ही सवलत आपल्याला आहे. ती पुढे दुसऱ्याला वाटून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. भाड्याच्या घरात आपण राहू शकतो, ते विकू शकत नाही, तसेच हे. म्हणून खुल्या पुस्तकात अशा सवलतीवर विसंबू नये असे माझे मत आहे. अत्र्यांचा उतारा काढला.

छायाचित्रांचे प्रकरण याहून त्रासाचे. एका प्रकाशनसंस्थेकडे एका छायाचित्रासाठी आपण तीन पत्रे पाठवली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला आले ते असे, की एका आवृत्तीच्या पाचशे प्रतींपुरती परवानगी देऊ. खुल्या पुस्तकाला अशी मोजून दिलेली परवानगी काय कामाची? ते चित्र सोडले. त्याऐवजी विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहातून दुसरे घेतले. तिथल्या प्रत्येक चित्राखाली ते कोणी काढले आणि कोणत्या अटीवर दिले हे लिहिलेले असते. ते दोन्ही जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, हा नियम आपण केला आहे. नुसते गुगलवर सापडले म्हणून चित्र घ्यायचे नाही. आणि आपल्या वर्गातल्या मुलींची जी छायाचित्रे आहेत, त्यांना त्यांच्या आईवडिलांची संमती हवी. एका आईने नाही म्हटले. ते छायाचित्रही सोडले.

आता मुख्य वादाकडे येते. परवानगी कोणती लिहायची? २००१ साली अमेरिकेत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाची संस्था निघाली आणि २००२ च्या अखेरीस तिने परवान्यांचे काही तयार नमुने प्रसिद्ध केले. वकील न गाठता सामान्य माणसाला वापरता यावेत असे ते आहेत. सगळ्यांत मोकळ्या परवान्यात एकच मुख्य अट: मूळ लेखकाचे श्रेय द्या आणि काही बदल केला असेल तर तसे सांगा. त्यावर वाटल्यास आणखी अटी घालता येतात. जो बदल करील त्यानेही आपले पुस्तक याच अटीवर खुले ठेवावे, ही एक. धंद्यासाठी वापरू नये, ही दुसरी. बदल मुळी करूच नये, ही तिसरी. आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही. पुढच्या प्रती आपण वेगळ्या अटीवर काढू. पण ज्याच्या हातात ही प्रत पडली, त्याचा हक्क कायमचा. म्हणून तर मी घाई करू देत नाही.

कार्यकारिणीत यावर दोन तास चर्चा झाली. बहुतेकींचे म्हणणे असे, की ‘धंदा करू नये’ ही अट घातलीच पाहिजे. आपण रात्री जागून पाठ लिहायचे आणि कोण्या दुकानदाराने ते छापून पैसे करायचे? हा प्रश्न मला नेहमी पडतो. आणि श्रम फुकट घेतले जाणे हे काय असते, ते बायकांना कोणी सांगायला नको. तरीही मी त्या अटीच्या विरुद्ध बोलले. का, ते दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणाने सांगते.

२००२ साली केपटाउन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारे मार्क हॉर्नर आणि त्यांचे मित्र यांनी शाळेच्या मुलांसाठी विज्ञानाची फुकट पुस्तके लिहायला घेतली. खेड्यांतल्या शाळांत पुस्तकेच नव्हती. वर्णभेदाच्या राजवटीने काळ्या मुलांच्या शाळांची जी दैना केली होती, ती राजवट गेली म्हणून एका दिवसात भरून निघणार नव्हती. स्वयंसेवक मिळत गेले, लिहीत गेले. चांगली सात-आठ वर्षे काम चालले. पुढे याच कामाला ‘सियावुला’ हे नाव मिळाले. तिकडच्या भाषांत त्याचा अर्थ ‘आम्ही उघडतो आहोत’ असा होतो. गणिताची आणि विज्ञानाची ती पुस्तके तयार झाली, आणि २०१२ साली तिथल्या सरकारने दहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्यांच्या लाखो प्रती छापून शाळाशाळांत पाठवल्या. सरकारने दिले ते छपाईचे आणि वाहतुकीचे पैसे. मजकुराचे काही नाही. आता विचार करा, छापखानेवाला फुकट छापतो का? वाहतूकवाला फुकट नेतो का? ‘धंदा नको’ अशी अट असती, तर प्रत्येक पायरीला हा धंदा की सेवा असा खल करावा लागला असता.

त्या मंडळींनी आणखी एक युक्ती केली, ती मला फार आवडली. पुस्तकाची दोन रूपे काढली. एकावर त्यांचे मुखपृष्ठ आणि मदत करणाऱ्यांची चिन्हे. ते हवे तितके छापा, वाटा, पण त्यात बदल करू नका. दुसरे बिनचिन्हाचे, त्याचे काहीही करा, फक्त श्रेय द्या. नावाची अब्रूही राहिली आणि मजकूरही मोकळा झाला.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचा मुलांच्या गोष्टींचा खुला संग्रह सुरू केला. त्यात मराठी गोष्टी आहेत, आणि एका भाषेतली गोष्ट दुसरीत नेण्याची कोणालाही मुभा आहे. अट श्रेयाची. विकण्याला बंदी नाही. म्हणून काही त्या संस्थेचे दिवाळे निघाले नाही.

तेव्हा तालुक्याच्या गावातला एखादा झेरॉक्सवाला आपल्या पुस्तकाच्या पन्नास प्रती काढून दर प्रतीमागे पाच-दहा रुपये मिळवील, तर मिळवू दे बिचाऱ्याला! त्या पन्नास मुलींपर्यंत आपण काही जाणार नव्हतो. जास्त किंमत लावणाऱ्याचे फारसे चालणार नाही, कारण तेच पुस्तक शेजारी फुकट मिळते. ‘कोणी आमचा पाठ बिघडवील आणि नाव आमचे ठेवील’ या भीतीला परवान्यातच उत्तर आहे: बदल केला हे सांगावेच लागते, आणि आपण कळवले तर शक्य तिथून आपले नाव काढावे लागते. श्रेयाच्या अटीला मात्र मी एक तसूभर हलू देणार नाही. त्या मुलीने आईच्या नावाची जी अट घातली, ती याच कलमाने पाळली जाणार आहे. पुढच्यानेही खुलेच ठेवावे ही अट हवी की नको, यावर अजून एकमत नाही. मला ती हवीशी वाटते. चिटणीसबाईंना नको वाटते. ते सभा ठरवील.

मजकुराच्या तपासणीबद्दल थोडे सांगते. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला की मेणबत्ती विझते आणि बशीतले पाणी पेल्यात चढते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. कित्येक पुस्तकांत त्याचे कारण असे देतात, की प्राणवायू जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हे बरोबर नाही. ज्योत विझते तेव्हा पेल्यात प्राणवायू शिल्लक असतो. ज्योतीने हवा तापून फुगते, काही बाहेर निसटते (नीट पाहिले तर कडेने बुडबुडे दिसतात), आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते; म्हणून पाणी चढते, तेही मुख्यतः विझल्यानंतर एकदम. एका पुस्तकातली चूक दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात अशी जाते. आपल्या पुस्तकाची नक्कल करण्याची मुभाच दिल्यावर आपली चूकही तितक्याच मोकळेपणाने फिरणार. म्हणून परीक्षक भगिनींनी प्रत्येक प्रयोग स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहिला आहे. जो जमला नाही किंवा मुलीला भाजण्याचा धोका वाटला, तो गाळला. शिवाय पुस्तकावर आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि चूक कळवण्याचा पत्ता राहील. अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने २०१२ पासून महाविद्यालयाची खुली पुस्तके काढली, तिथेही वाचकांनी कळवलेल्या चुका तपासून दुरुस्त करतात. क्रमांक नसला तर कोणती प्रत सुधारलेली आणि कोणती जुनी, हे कोणालाच कळायचे नाही.

आणि सगळ्यांत किचकट काम म्हणजे अक्षरांचे. आपले निम्मे पाठ जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकलेले आहेत. कागदावर ते सुरेख दिसतात. पण त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची नुसती चित्रे बसवलेली असतात. डोळ्याला ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे भलतेच चिन्ह असते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो पाठ उघडला की सगळी रांगोळी विसकटते. कोणाला तो बदलता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही; आणि ज्या मुलीला डोळ्यांनी दिसत नाही, जिला संगणक वाचून दाखवतो, तिला नुसता गोंगाट ऐकू येतो. तेव्हा सगळे युनिकोडमध्ये आणावे लागते. ते यंत्राने होते, पण नीट होत नाही. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार हरवतो, ‘दुसऱ्या’तला र तर हमखास बिघडतो. प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते. एकीने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसरीने पडद्यावर पाहायचे, असे दोघीदोघी बसतात. दुपारच्या वेळी हे काम होते, आणि खरे सांगायचे तर त्यात गप्पाही पुष्कळ होतात.

त्या न दिसणाऱ्या मुलीसाठी आणखी एक. प्रत्येक चित्राचे शब्दांत वर्णन लिहायचे. ‘विहिरीवरच्या कप्पीचे चित्र’ एवढे लिहून तिला काय कळणार? ‘कप्पीच्या खाचेतून दोर गेला आहे, बाई एक टोक खाली ओढते आहे आणि दुसऱ्या टोकाची बादली वर येते आहे’, असे लिहिले तर पाठ कळला. अंध वाचकांना पुस्तके मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला होता. आपल्या पुस्तकाने त्यात निदान कमी पडू नये.

शेवटी जे बाहेर पडेल, ते दोन रूपांत द्यायचे आहे: छापायला सोयीची पक्की प्रत, आणि जिच्यात बदल करता येतो ती मूळ प्रत. पक्की प्रत एकटी दिली तर शिजवलेली भाजी दिल्यासारखे होईल. ज्याला तिखट कमी हवे त्याने काय करावे? मूळ प्रत दिली की अहिराणी बोलणारी शिक्षिका आपल्या शब्दांत तो पाठ लिहील, कोकणातली बाई वाटाण्याऐवजी कुळीथ रुजत घालील.

कामाची वही चिटणीसबाईंकडे आहे. त्यात प्रत्येक पाठ, प्रत्येक चित्र, ते कोणाचे, परवानगी आली का, अक्षरे तपासली का, वर्णन लिहिले का, असे रकाने आखले आहेत. आज सकाळी मी पाहिले, तेव्हा अकरा चित्रांपुढचा वर्णनाचा रकाना कोरा होता आणि तीन पाठांखाली सह्या नव्हत्या. ज्यांचे ते पाठ आहेत, त्या तिघीही या सभेत बसलेल्या मला इथून दिसत आहेत. सभा संपल्यावर त्यांनी चिटणीसबाईंना भेटावे. लेखणी वहीतच आहे.